भाषण एकाचे, आमदारकी दुसऱ्याची

विलेपार्ल्याच्या १९८७ सालच्या पोटनिवडणुकीची जाहीर कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. १३ डिसेंबरला मतदान झाले, शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पडले आणि हिंदुत्वाच्या नावावर मते मागून निवडणूक जिंकता येते हे देशाने पाहिले. ही झाली मंचावरची गोष्ट. मंचामागची गोष्ट सुरू होते ती सभेच्या पुढच्या रांगेतून. मोठ्या सभेला तिथे दोन माणसे अशी असतात, जी टाळी वाजवत नाहीत. एक पोलिसांच्या विशेष शाखेचा, मांडीवर वही घेऊन बसलेला. दुसरा विरोधी उमेदवाराने धाडलेला, कुणाच्या नजरेत न येण्याची काळजी घेणारा. वक्ता रंगात आला की मैदान उठून उभे राहते आणि हे दोघे मान खाली घालून लिहीत राहतात. टाळ्या मतदानाच्या दिवशी संपतात. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते त्या वहीचे असते.

पार्ल्याच्या बाबतीत तीन भाषणे न्यायालयात गेली. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर या त्यांच्या तारखा. वक्ते बाळासाहेब ठाकरे. ९ तारखेची सभा खारदांड्याला शंकराच्या देवळाजवळ झाली, १० तारखेची पार्ले पूर्वेच्या जलतरण मैदानावर. निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आहे आणि मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, असा त्या भाषणांचा रोख होता. उमेदवार डॉ. प्रभू हे पेशाने डॉक्टर आणि त्या वेळी मुंबईचे महापौर. महापालिकेतले काम दाखवून मते मागण्याची सोय असलेला हा माणूस. पण त्या महिन्यात त्यांच्या कामाबद्दल फारसे कुणी बोललेच नाही. कोर्टात मात्र नाव त्यांचे गेले. तीन सभा गाजवल्या नेत्याने, आणि आमदारकी पणाला लागली उमेदवाराची.

या निवडणुकीतला आणखी एक तपशील नंतरच्या गजरात हरवला. भारतीय जनता पक्ष तेव्हा शिवसेनेबरोबर नव्हता. त्याचा पाठिंबा होता जनता पक्षाच्या उमेदवाराला. म्हणजे ज्या पोटनिवडणुकीचा दाखला पुढे दोन्ही पक्षांच्या सभांत हिंदुत्वाच्या पहिल्या विजयाचा म्हणून दिला गेला, तिच्यात ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होते. निकाल पाहून गणिते बदलली. १९८९ मध्ये युती झाली, तिच्या वाटाघाटींत प्रमोद महाजन पुढे होते. धर्मावरून मिळालेली मते मोजून झाल्यावरच धर्माचे नाते जुळले, हा क्रम नीट लक्षात ठेवावा.

कायद्याचा नेम कुणावर?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे किंवा मत नाकारायला सांगणे हे भ्रष्ट आचरण आहे. त्याच्या लगतचे कलम १२३(३अ) समाजासमाजांत वैर पेटवण्याबद्दलचे आहे. पण गुन्हा कुणाच्या पदरात पडतो? भाषण उमेदवाराने केलेले असले पाहिजे, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेले असले पाहिजे, किंवा त्या दोघांपैकी एकाच्या संमतीने दुसऱ्याने केलेले असले पाहिजे. हा 'संमती' शब्द राजकारणातल्या जाणत्या माणसांनी वकिलांइतकाच बारकाईने वाचला आहे. म्हणून तर काही सभांत एक गंमतशीर दृश्य दिसते. जहाल वक्ता उभा राहायच्या बेताला उमेदवार मंचावरून नाहीसा होतो. त्याला फोन आलेला असतो, दुसऱ्या प्रभागात पदयात्रा असते, गाडी वाहतुकीत अडकलेली असते. वक्ता बसला की पाच मिनिटांत उमेदवार हात जोडून हजर. उपनगरातल्या अशाच एका सभेनंतर मी एका वकिलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'भाषण ऐकले नाही असे त्याला शपथेवर सांगता आले पाहिजे ना!' जे ऐकल्याचे शपथेवर कबूल करता येत नाही, ते मतदारांना मात्र ध्वनिक्षेपकावरून ऐकवायचे, ही त्या मंडळींची तयारी असते.

प्रभूंच्या बाबतीत असा बचाव टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये त्यांची निवडणूक रद्द केली आणि ठाकरे यांनाही भ्रष्ट आचरणाबद्दल दोषी ठरवले. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला ११ डिसेंबर १९९५ रोजी, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठापुढे. हाच तो गाजलेला 'हिंदुत्व निकाल'. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, हा शब्द नुसता उच्चारला म्हणजे धर्माच्या नावाने मत मागितले असे होत नाही, हे त्यातले विधान पुढे शेकडो मंचांवरून सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने आमच्यावर शिक्कामोर्तब केले, असा त्याचा प्रचार झाला. ज्या खटल्यात हे विधान आले, त्या खटल्याचे पुढे काय झाले, हे मात्र फार थोडे जण सांगतात. प्रभू हरले. ती तीन भाषणे न्यायालयाने भ्रष्ट आचरणच ठरवली, त्यातल्या भाषेबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि निवडणूक रद्द झाली ती झालीच. निकालपत्रातला एक परिच्छेद घेऊन लोक मिरवणुकीला निघाले आणि निकाल कोर्टातच विसरून आले.

मुख्यमंत्री थोडक्यात वाचले

त्याच दिवशी आणखी एका खटल्याचा निकाल लागला, आणि मंत्रालयाचा श्वास अडकला होता तो त्यात. खटला मनोहर जोशी यांचा. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत ते दादरमधून निवडून आले होते. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला शिवाजी पार्कच्या सभेत त्यांनी पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल असे म्हटल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांची निवडणूक रद्द केली. अपील रेंगाळत राहिले आणि तोवर १९९५ उजाडले. मार्चमध्ये युतीचे सरकार आले, जोशी मुख्यमंत्री झाले. म्हणजे निकाल द्यायची वेळ आली तेव्हा भ्रष्ट आचरणाचा ठपका पुसायला न्यायालयाच्या दारात खुद्द राज्याचा मुख्यमंत्री उभा होता. ठपका कायम राहता तर पुढे अपात्रतेची कारवाई झाली असती आणि नऊ महिन्यांचे सरकार नेतृत्वाविना उरले असते.

जोशी सुटले. न्यायालयाने म्हटले की, हिंदू राज्य स्थापन होईल हे विधान कितीही निंद्य असले, तरी ती एक आशा व्यक्त केलेली आहे. धर्माच्या आधारे मत द्या असे आवाहन त्यात नाही. शिवाय ठाकरे आणि महाजन यांच्या भाषणांचा भार जोशींवर टाकायचा, तर त्या दोघांना कलम ९९ खाली नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकणे भाग होते. ते झालेच नव्हते. एका न बजावलेल्या नोटिशीचे मोल किती असते, हे त्या दिवशी मुंबईतल्या प्रत्येक पक्षाच्या वकिलाला कळले.

या दोन निकालांचा खरा परिणाम न्यायशास्त्रावर किती झाला ते अभ्यासकांनी ठरवावे. भाषणांवर मात्र तो लगेच झाला. निकालपत्रे सर्वांत मन लावून वाचली ती भाषणांचे मुद्दे काढणाऱ्यांनी. त्यांना त्यात मर्यादा कुठे आहे हे दिसले आणि मर्यादेच्या किती जवळ उभे राहता येते तेही दिसले. त्यानंतरची भाषणे ऐका. धर्माचे वाक्य वेगळे, मताचे वाक्य वेगळे. मध्ये एखादा किस्सा, एखादी घोषणा, थोडा पाण्याचा प्रश्न. श्रोत्यांनी दोन टोके आपणहून जोडायची. कायद्याने भाषा सभ्य व्हावी अशी अपेक्षा होती. ती सभ्य झाली नाही, चतुर झाली.

कुंभारवाड्यातली ध्वनिफीत

हे हत्यार एकाच धर्माचे आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने पार्ल्याच्या पंधरा वर्षे आधी दक्षिण मुंबईत जावे. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत कुंभारवाडा मतदारसंघातून मुस्लीम लीगचे झियाउद्दीन बुखारी निवडून आले. समोर काँग्रेसचे शौकत चागला होते. दोघेही मुसलमान. तेव्हा धर्माचा मुद्दा निघायचे कारण नाही असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात सगळा प्रचार त्याच मुद्द्यावर गेला. चागला हा खरा मुसलमान नाही, मुस्लीम व्यक्तिगत कायद्याला त्याच्यापासून धोका आहे, असे सांगितले गेले. धर्माचे शस्त्र परक्यावर चालवण्यासाठी असते हा भाबडा समज आहे. त्याचा पहिला वार बहुधा आपल्याच घरातल्या मवाळ माणसावर होतो, कारण मतांचा वाटेकरी तोच असतो.

या खटल्यात पुढच्या रांगेतली वही नव्हती, तर पोलिसांचा टेपरेकॉर्डर होता. बुखारींची भाषणे ध्वनिमुद्रित झाली होती. ध्वनिफीत पुरावा म्हणून चालेल का, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले की चालेल. आवाज कुणाचा ते ओळखता आले पाहिजे, फितीत फेरफार झालेला नाही हे सिद्ध झाले पाहिजे आणि त्यातला मजकूर खटल्याशी संबंधित असला पाहिजे. या कसोट्यांना फीत उतरली आणि निवडणूक रद्द झाली. आज प्रत्येक सभेत शेकडो मोबाइल हवेत उंचावलेले दिसतात. त्यांतल्या चित्रफिती उद्या कुणी न्यायालयात नेल्या, तर वकिलांना आजही या निकालापासूनच सुरुवात करावी लागते. एका मतदारसंघातल्या कडवट प्रचाराने देशाला पुराव्याचा नियम दिला.

याचिकाकर्ते म्हणून त्या खटल्यावर पराभूत चागलांचे नाव नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे. निवडणूक याचिका पडलेल्या उमेदवारानेच करावी असे बंधन नाही. मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. आपल्यापैकी बहुतेकांना हा अधिकार आहे हेच ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसण्यावर पक्षांचा बराच भरवसा असतो.

गाय सुटली, कोंबडा अडकला

इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १२ जून १९७५ चा निकाल म्हटले की त्यांच्या प्रचारात उतरलेले सरकारी अधिकारी यशपाल कपूर आठवतात, सरकारी यंत्रणेने उभारलेली व्यासपीठे आठवतात आणि त्यापाठोपाठ आणीबाणी आठवते. पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेत आणखी एक मुद्दा होता, जो आणीबाणीच्या गदारोळात कुणाच्या लक्षातही राहिला नाही. इंदिरा गांधींचे चिन्ह होते गाय-वासरू. गाय हिंदूंना पवित्र, सबब हे धार्मिक चिन्ह आहे आणि ते वापरून मते मागणे भ्रष्ट आचरण आहे, असे राजनारायण यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सिन्हा यांनी निवडणूक रद्द केली खरी, पण हा मुद्दा त्यांनी फेटाळला. देशाच्या पंतप्रधानांचे पद हादरवणाऱ्या निकालात गाय-वासरू मात्र निर्दोष सुटले.

त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, एका कोंबड्याचे नशीब इतके चांगले नव्हते. बिहारच्या आदिवासी पट्ट्यात झारखंड पार्टीचे चिन्ह कोंबडा होते. देवांना कोंबड्याचा बळी देण्याची तिथल्या आदिवासींची प्रथा. प्रचारात एक पत्रक निघाले. त्यात कोंबडाच मतदारांशी बोलतो, मतांचा चारा मागतो आणि तो न मिळाला तर देव रुष्ट होतील असे सुचवतो. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे धर्माच्या नावाने केलेले आवाहन ठरवले. चिन्ह निवडणूक आयोगाने दिलेले होते, त्यात काही गैर नव्हते. उमेदवाराला बुडवले ते पत्रक लिहिणाऱ्याच्या हुशारीने. प्रचारसाहित्य करणाऱ्या मंडळींनी हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा.

काँग्रेसने हा खेळ चिन्हापुरताच खेळला असेही नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये राजीव गांधींनी लोकसभेच्या प्रचाराचा आरंभ फैजाबादहून केला आणि रामराज्याचे आश्वासन दिले. त्याच आठवड्यात, ९ नोव्हेंबरला, अयोध्येत शिलान्यास झाला. दुसऱ्याच्या हातातले शस्त्र आपणही पेलू शकतो असा तो हिशेब होता. निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली. ज्यांनी ते शस्त्र घडवले, त्यांच्यापेक्षा ते आपण अधिक चांगले चालवू असे मानणाऱ्या प्रत्येक पक्षाने हा अनुभव घेतला आहे.

सहा वर्षांची शिक्षा

निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करावी लागते. एक दिवसही उशीर चालत नाही. न्यायालयाने ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही कायदा म्हणतो. नागरिकाला घातलेली मुदत काटेकोर, आणि व्यवस्थेला केलेली ती विनंती. प्रभूंच्या खटल्याला उच्च न्यायालयात सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला, सर्वोच्च न्यायालयात साडेसहा वर्षे. पोटनिवडणूक होऊन निकाल येईपर्यंत त्या विधानसभेची मुदत कधीच सरली होती आणि आणखी दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या.

ठाकरे यांच्या शिक्षेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. दोष कायम झाला ११ डिसेंबर १९९५ ला. अपात्रता किती काळाची, हे राष्ट्रपतींनी निवडणूक आयोगाचे मत घेऊन ठरवायचे असते. फाइल फिरत राहिली. आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. सहा वर्षे मतदान नाही, निवडणूक लढवणे नाही. पण ही सहा वर्षे धरली गेली निकालाच्या तारखेपासून, म्हणजे १० डिसेंबर २००१ पर्यंत. साडेतीन वर्षांहून अधिक काळ आदेशाआधीच निघून गेला होता. १९९६ ची लोकसभा झाली होती, १९९७ ची महापालिका झाली होती, १९९८ ची लोकसभा झाली होती. पुढची महापालिका आली २००२ मध्ये, तोवर बंदी संपलेली. सहा वर्षांच्या या शिक्षेत सार्वत्रिक मतदानाची जी संधी प्रत्यक्ष हुकली, ती १९९९ सालची, लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या तेवढीच.

आणि त्या वर्षीही गेले ते मत. ध्वनिक्षेपक गेला नाही. ज्या भाषणांबद्दल शिक्षा झाली, तशी भाषणे करण्यावर त्या शिक्षेने काहीच बंधन आले नाही. ज्या माणसाच्या एका सभेने हजारो मते फिरत, त्याचे एक मत कायद्याने काढून घेतले.

सत्तावीस वर्षे आणि एक सर्वनाम

सांताक्रूझचे अभिराम सिंह १९९० मध्ये भाजपचे आमदार झाले. काँग्रेसचे सी. डी. कोमाचेन यांनी त्यांच्याविरुद्ध याचिका केली. ती सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाकडे गेली. प्रश्न असा होता: १९६१ च्या दुरुस्तीने कलमात 'त्याच्या धर्माच्या' असे शब्द आले होते. यातला 'तो' म्हणजे फक्त उमेदवार, की मतदारही? उमेदवाराने स्वतःच्या धर्माचा हवाला दिला तरच दोष, की मतदाराच्या धर्माला साद घातली तरीही दोष? निकाल लागला २ जानेवारी २०१७ रोजी, सात न्यायमूर्तींच्या पीठाचा, चार विरुद्ध तीन असा. बहुमताने सांगितले की मतदाराचा धर्मही त्यात आला. महाराष्ट्राशी नाते असलेले न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना होते. शरद बोबडे बहुमतात, तर उदय लळीत आणि धनंजय चंद्रचूड अल्पमतात.

या सुनावणीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते ते वेगळ्याच कारणाने. १९९५ च्या हिंदुत्व निकालाचा फेरविचार होणार असे वाटत होते. काहींनी तसे अर्जही केले. पीठाने ऑक्टोबर २०१६ मध्येच स्पष्ट केले की आमच्यापुढे तो प्रश्न पाठवलेला नाही. मोठ्या लढाईसाठी जमलेल्या पत्रकारांना एका सर्वनामाचा निकाल घेऊन परतावे लागले. तरी तो निकाल मोठा आहे. आजवरच्या कित्येक भाषणांना ज्या फटीतून बाहेर पडता येत होते, ती फट त्याने बुजवली. फक्त फट बुजेपर्यंत सत्तावीस वर्षे गेली होती.

बहात्तर तास

१५ एप्रिल २०१९ ची गोष्ट. धर्माच्या नावाने चाललेल्या प्रचाराबद्दल तुम्ही काय केले, असे सर्वोच्च न्यायालयाने सकाळी निवडणूक आयोगाला विचारले. आमचे अधिकार फार मर्यादित आहेत, असा आयोगाचा सूर होता. तो दिवस संपायच्या आत त्याच आयोगाने योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, तर मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास प्रचारबंदी केली. अधिकार होते. त्यांची आठवण करून द्यावी लागली.

बंदीच्या काळात काय घडले ते सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. आदित्यनाथ लखनौच्या हनुमान मंदिरात गेले, तिथून पुढे अयोध्येला. बोलले काहीच नाही. कॅमेरे मात्र सोबत होते. पुढे भोपाळच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यावरही अशीच बंदी आली आणि त्या मंदिरांत भजन करताना दिसल्या. धर्माच्या नावाने मत मागू नका या आदेशाचे पालन देवळात बसून झाले आणि मतदाराला द्यायचा निरोप शब्दांशिवाय पोहोचला.

महाराष्ट्रात यापुढचा अंक एप्रिल २०२४ मध्ये झाला. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने मशाल चिन्हाचे प्रचारगीत काढले. त्यातले 'जय भवानी' आणि 'हिंदू' हे शब्द काढा, अशी नोटीस आयोगाने दिली. उद्धव यांनी नकार दिला. बजरंगबलीचा जयजयकार करून बटण दाबा असे पंतप्रधानांनी कर्नाटकात सांगितले, मोफत रामदर्शनाचे आश्वासन अमित शहांनी मध्य प्रदेशात दिले, त्यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. नियम सर्वांना सारखा नसेल तर तो नियम राहत नाही. पण वडिलांचा मताधिकार ज्या कलमामुळे गेला, त्याच कलमाकडे मुलाने बोट दाखवावे आणि त्याच वेळी आपले शब्दही सोडू नयेत, यातून एवढेच दिसते की हा मोह अन्याय झालेल्यालाही सुटत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा आली, 'व्होट जिहाद' आला आणि त्याला उत्तर म्हणून 'धर्मयुद्ध' आले. विरोधकांनी टीका केली ते अपेक्षितच होते. पण पहिली पंचाईत महायुतीच्याच तंबूत झाली. हे महाराष्ट्रात चालणार नाही, असे अजित पवार म्हणाले. पंकजा मुंडे आणि अशोक चव्हाण यांनीही नापसंती बोलून दाखवली. त्यांचे मतदारसंघ, त्यांचे मतदार, तिथले परस्परसंबंध त्यांना ठाऊक होते. बाहेरून आलेली घोषणा गावात काय करते, हे गावात राहणाऱ्यालाच कळते.

खिशात राहिलेला कागद

या सगळ्यांत जो किस्सा कुठल्याही निकालपत्रात येणार नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो एका सभेचा नाही, अनेक सभांचा आहे. सभेआधी स्थानिक कार्यकर्ता मोठ्या वक्त्यासाठी कागद तयार करतो. नळाला पाणी किती वाजता येते, नाला कुठे तुंबतो, कुठल्या शाळेची इमारत धोकादायक आहे, झोपडपट्टीच्या पुनर्विकासाची फाइल कुठे अडली आहे. कार्यकर्ता तो मंचामागे वक्त्याच्या हातात देतो. वक्ता 'छान, छान' म्हणून खिशात ठेवतो. मग भाषण होते, मैदान पेटते, आणि कागद खिशातच राहतो. ज्याने तो लिहिला, तोही टाळ्या वाजवत असतो. पाच वर्षांनी तोच कागद, तेच प्रश्न, फक्त तारीख नवी. धर्माच्या भाषणाने हरतो तो समोरचा उमेदवार नव्हे. हरतो तो हा कागद.

श्रद्धा ही माणसाची फार मोलाची ठेव आहे, म्हणूनच तिचा असा वापर जिव्हारी लागतो. ज्यांनी तिचे शस्त्र केले, त्यांच्यापैकी कुणालाही देवाची चिंता पडलेली नव्हती. १९५९ पासून आजवर न्यायालयापुढे आलेल्या खटल्यांत पक्ष बदलले, धर्म बदलले, चिन्हे बदलली. मागणी दर वेळी एकच होती, मत. कायदा चांगला आहे, पण तो उशिरा पोहोचतो, आणि पोहोचतो तेव्हा शिक्षा बहुधा नेम चुकवून बसते. वेळेवर हजर असतो तो एकटा मतदार.

म्हणून वाचकांना सांगणे एवढेच आहे. पुढच्या सभेला जाल तेव्हा वक्त्याने देवाचे नाव घेतले की घड्याळ पाहा आणि तुमच्या वस्तीच्या प्रश्नाला किती मिनिटे मिळाली ते मोजा. उमेदवार त्या वेळी मंचावर आहे की नाही तेही पाहा. भाषण आक्षेपार्ह वाटले तर ध्वनिमुद्रण जपून ठेवा. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करण्याचा हक्क तुम्हालाही आहे. आणि मत देताना कागद खिशातून बाहेर काढून वाचणाऱ्या उमेदवाराला द्या, मग तो कोणत्याही देवापुढे हात जोडत असो.